खतावणीनंतरची चाळण

माझे बिऱ्हाड सध्या जयपूर शहराच्या खातीपुरा या भागात आहे. हे नाव मराठी कानावर पडले की कचेरी आठवते. महसूल खाते, पाटबंधारे खाते, बँकेतील बचत खाते अशी सारी खाती एका पुऱ्यात येऊन राहिली असावीत, असा भास होतो. वस्तुतः राजस्थानात खाती म्हणजे सुतार. तेव्हा खातीपुरा म्हणजे सुतारांची वस्ती. तरीही ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे त्याला हा ऐकण्यातील घोटाळा सोयीचा आहे, कारण विषय खात्यांचाच आहे. संगणकात साठविलेल्या लाखो नोंदींची खाती कशी पाडतात, आणि पाडलेल्या खात्यांतून हवी तेवढीच कशी निवडतात, हे मला सांगावयाचे आहे.

संगणकापाशी माहिती मागण्याची एक भाषा आहे. तिला एस्क्यूएल म्हणतात. बँकेच्या शाखेत, वीजमंडळाच्या बिलात, शिधापत्रिकेच्या यादीत, विद्यापीठाच्या निकालात, जेथे जेथे नोंदींचे मोठे तक्ते असतात तेथे बहुधा हीच भाषा किंवा तिची एखादी बहीण पडद्याआड काम करीत असते. संगणकाला आयुष्यात कधी हात न लावलेल्या माणसाचेही नाव एखाद्या यादीत येते किंवा यादीतून गळते, ते पुष्कळदा या भाषेतील एका ओळीमुळे. म्हणून ती ओळ थोडी ओळखीची असलेली बरी.

या भाषेचा जन्म तसा अलीकडचा. १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती गुंतागुंतीच्या साखळ्यांनी न बांधता साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवावी, ओळी आणि रकाने एवढेच पुरे, असे त्याचे प्रतिपादन होते. कॉड आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असे. तेथेच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी, तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजी वाक्यासारखी वाचता येईल अशी भाषा रचली, आणि १९७४ साली ती विद्वानांच्या सभेपुढे मांडली. तिचे पहिले नाव सीक्वेल. पुढे ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीच्या मालकीचे निघाले, म्हणून आखूड करून एस्क्यूएल झाले. बॉइस मात्र आपल्या भाषेचा विस्तार पाहण्यास राहिला नाही. त्याच वर्षी त्याचे अकाली निधन झाले. अमेरिकेने १९८६ साली आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८७ साली या भाषेला प्रमाणरूप दिले. एवढा इतिहास पुरे.

आता मूळ मुद्दा. जुन्या मराठी हिशेबाची रीत पुष्कळांना ऐकून तरी ठाऊक असेल. दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरवावयाचे. मग त्या कीर्दीवरून खतावणी, म्हणजे गोविंदाच्या सगळ्या रकमा गोविंदाच्या खाती, सखारामाच्या सगळ्या सखारामाच्या खाती. मग प्रत्येक खात्याची बेरीज करून तेरीज काढावयाची, आणि शेवटी ताळेबंद. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत. ते लिहिणाऱ्या कारकुनांना कॉडचा सिद्धान्त सांगितला असता तर त्यांनी पानाचा विडा तोंडात ठेवून, बरे मग, एवढेच म्हटले असते असे मला वाटते.

कारण एस्क्यूएल नेमके हेच करते. तिच्या वाक्यातील ‘ग्रुप बाय’ हे पद म्हणजे खतावणी. मूळ तक्ता ही कीर्द, आणि खतावल्यानंतर ‘सम’, ‘काउंट’, ‘ॲव्हरेज’ या शब्दांनी बेरीज, मोजणी, सरासरी मागितली की तेरीज तयार. फरक असलाच तर वेगाचा. जे काम करण्यास कारकुनांच्या एका फडाला पंधरवडा लागे, ते काही क्षणांत होते.

पण खतावणीच्या अलीकडे एक चाळण लावता येते आणि पलीकडे दुसरी. अलीकडची चाळण कीर्दीतील एकेका ओळीला लागते. तिचे नाव ‘व्हेअर’. पलीकडची चाळण तयार झालेल्या खात्याला लागते. तिचे नाव ‘हॅविंग’. दोन्हींचा अर्थ वरवर पाहता एकच, की अमुक अट पुरी करणारे तेवढे ठेवा आणि बाकीचे टाका. परंतु अट कोणाला लावावयाची, ओळीला की खात्याला, यात सारा फरक आहे. आणि आपली बोलण्याची भाषा या बाबतीत फार ढिली आहे. ‘पाचशेहून अधिक उधारीची गिऱ्हाइके काढा’ असे मालकाने सांगितले, तर एका वेळची उधारी पाचशेहून अधिक, की सगळी मिळून? ‘एकूण’ हा तीन अक्षरांचा शब्द बोलताना गळतो आणि त्याच्याबरोबर माणसेही गळतात.

कशी ती पाहू. आमच्या खातीपुऱ्यातल्यासारख्याच एखाद्या किराणा दुकानाची एका महिन्याची उधारवही घ्या. वहीत तीन गिऱ्हाइके आहेत. पहिला रोजगारावर जाणारा माणूस. तो दररोज थोडे पीठ, थोडे तेल नेतो. महिन्यात त्याच्या २४ नोंदी, प्रत्येक २५० रुपयांची. दुसरे पेन्शनर गृहस्थ. त्यांच्या दोन नोंदी, एक ३,२०० ची आणि एक ८०० ची. तिसऱ्या एक शिक्षिका. त्यांच्या तीन नोंदी, ३,००० ची, २,५०० ची आणि ३०० ची. बेरजा सोप्या आहेत: पहिल्याकडे ६,०००, दुसऱ्यांकडे ४,०००, तिसऱ्यांकडे ५,८००.

दुकानदाराला ज्यांची एकूण बाकी ५,००० च्या वर गेली आहे त्यांना निरोप पाठवावयाचा आहे. ही अट खात्यावरची आहे. म्हणून आधी खतावणी, मग बेरीज, मग चाळण. उत्तर येते पहिला आणि तिसरी. आता समजा, किरकोळ नोंदी कशाला पाहावयाच्या, असे म्हणून त्याच्या पुतण्याने अलीकडची चाळणही लावली, की ५०० रुपयांपर्यंतच्या नोंदी घेऊच नयेत. पहिल्या माणसाच्या २४ च्या २४ नोंदी दाराशीच अडल्या. त्याचे खातेच उघडले नाही. ज्याच्याकडे सर्वांत अधिक येणे तोच यादीतून नाहीसा झाला. शिक्षिकाबाई यादीत राहिल्या, पण त्यांचीही बाकी ५,८०० ऐवजी ५,५०० दिसू लागली, कारण ३०० ची नोंद बाहेर राहिली. यादी नीटनेटकी छापून येते, बेरजाही आपापल्या परीने बिनचूक असतात, आणि तरी ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसते. अशा यादीकडे पाहून काही चुकले आहे हे कळण्याचा मार्ग नाही. हिशेबातील साधी चूक ताळ्यात सापडते. ही सापडत नाही.

नवशिक्याला या भाषेत आणखी एक गोष्ट छळते. वाक्य ज्या क्रमाने लिहितात त्या क्रमाने ते अमलात येत नाही. लिहिताना आरंभी ‘सिलेक्ट’ येते, म्हणजे काय दाखवावयाचे ते; मग ‘फ्रॉम’, कोणत्या तक्त्यातून; मग ‘व्हेअर’, मग ‘ग्रुप बाय’, मग ‘हॅविंग’, आणि शेवटी ‘ऑर्डर बाय’, म्हणजे उत्तराचा क्रम. पण अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर तक्ता प्रथम, मग ओळींची चाळण, मग खतावणी, मग खात्यांची चाळण, आणि आरंभी लिहिलेले ‘सिलेक्ट’ त्यानंतर. हे ध्यानात आले की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. ‘व्हेअर’मध्ये बेरजेची अट घातली तर संगणक ती नाकारतो, विद्यार्थी वैतागतो की अट तर बरोबर आहे. अट बरोबर आहे, पण बेरीज अजून झालेलीच नाही! कीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला, या ओळीची तेरीज किती, असे विचारण्यासारखे ते आहे. तो बिचारा काय सांगणार?

उलट दिशेने मात्र थोडी मोकळीक आहे. ज्या रकान्यावरून खाती पाडली त्याच रकान्याची अट ‘हॅविंग’मध्ये घातली तर ती चालते. सर्व शहरांची खाती पाडून मग, फक्त जयपूरचे ठेवा, असे म्हणता येते. उत्तर चुकत नाही. परंतु शंभर शहरांच्या बेरजा करून नव्याण्णव फेकून देण्याचा तो उद्योग होय. काही शहाणी यंत्रे अशी अट आपणहून आधी हलवतात, पण त्यांच्या शहाणपणावर विसंबण्यापेक्षा ओळीची अट ओळीपाशी आणि खात्याची अट खात्यापाशी ठेवावी हे चांगले. खतावणी न करताही ‘हॅविंग’ लिहिता येते. तेव्हा सारा तक्ता हेच एक खाते समजले जाते. याचा उपयोग क्वचितच पडतो.

कोऱ्या रकान्याची गोष्ट मात्र सोडून देण्यासारखी नाही. या भाषेत कोरे आणि शून्य यांत भेद आहे. उधारीच्या ओळीत रक्कम शून्य असेल तर काही घेतले नाही असे समजावे. रकाना कोरा असेल तर किती घेतले ते माहीत नाही. बेरीज करताना संगणक कोरे रकाने वगळतो, सरासरी काढतानाही वगळतो. एखाद्या खात्यातील सगळेच रकाने कोरे असले तर त्या खात्याची बेरीजही कोरीच. आता अशा खात्याला चाळण लावा. बेरीज शंभराहून कमी आहे काय? माहीत नाही. शंभर किंवा त्याहून अधिक आहे काय? माहीत नाही. चाळण फक्त ‘होय’ म्हणणाऱ्यालाच पुढे सोडते. तेव्हा ते खाते कमीच्या यादीतही नसते आणि अधिकच्या यादीतही नसते. दोन याद्या जोडल्या की सारी मंडळी आली, असा आपला साधा समज. तो येथे खोटा ठरतो.

याहूनही मोठा खड्डा पुढे आहे. एका कार्यालयात माझ्या पाहण्यात आलेली गोष्ट सांगतो. कार्यालयाचे नाव महत्त्वाचे नाही, असे कोठेही घडते. जिल्ह्यातील केंद्रांनी महिन्याकाठी काही अहवाल पाठवावयाचे असत. ज्या केंद्रांकडून पाचांपेक्षा कमी अहवाल आले त्यांची यादी वरिष्ठांनी मागितली. हेतू हा की तेथे माणूस पाठवावा. अहवालांचा तक्ता होता. त्याची केंद्रवार खतावणी झाली, मोजणी झाली, आणि पाचांपेक्षा कमी असलेली खाती काढली गेली. कोणाचे चार, कोणाचे तीन, दोघांचा एकेक. यादी पाहून सर्वांना समाधान वाटले, की एकही अहवाल न पाठविणारे केंद्र या जिल्ह्यात नाही! एका जुन्या शिरस्तेदारांनी केंद्रांची मूळ यादी शेजारी ठेवून बोट फिरविले तेव्हा उलगडा झाला. ज्या केंद्राने काहीच पाठविले नव्हते त्याची अहवालांच्या तक्त्यात ओळच नव्हती. ओळ नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून चाळणीत येण्याचा प्रश्नच नाही. कीर्दीत नाव नसलेल्याची खतावणी कोण करणार? जेथे माणूस पाठविणे सर्वांत निकडीचे, तेच केंद्र कागदावरून पूर्णपणे अदृश्य होते.

यावरचा उपाय म्हणजे आरंभ अहवालांच्या तक्त्यापासून न करता केंद्रांच्या यादीपासून करावा, आणि प्रत्येक केंद्राच्या नावापुढे त्याचे अहवाल असतील तर जोडावेत, नसतील तर जागा कोरी ठेवून नाव राखावे. या जोडणीला ‘लेफ्ट जॉइन’ म्हणतात. तरीही एक ठेच लागतेच. अशा जोडणीत अहवाल नसलेल्या केंद्राचीही एक ओळ तयार होते. ओळी मोजल्या तर त्याच्या नावे एक अहवाल दिसतो. तेव्हा ओळी न मोजता अहवाल-क्रमांकाचा रकाना मोजावा; तो कोरा असल्याने उत्तर शून्य येते. इतके बारीक जपावे लागते.

खाते कशावरून पाडावयाचे, हा प्रश्न चाळणीच्याही आधीचा. येथील उदाहरण देतो. जयपुरात खातीपुरा नावाची वस्ती शहराच्या पश्चिमेस, झोटवाड्याच्या बाजूला आहे. आणि खातीपुरा नावाचे रेल्वे स्थानक शहराच्या पूर्वेस, जगतपुऱ्याच्या पलीकडे, बांदीकुईकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. दोन्हींमध्ये सारे शहर पसरलेले आहे. पाहुण्याला नुसते खातीपुऱ्याला उतरा असे सांगितले तर त्याचे काय होईल ते सांगावयास नको. नावावरून खाती पाडली तर ही दोन्ही ठिकाणे एकाच खात्यात जमा होतात, आणि दोन लहान आकडे मिळून चाळणीतून सहज पार होतात. याच्या उलटही घडते. एकाने ‘खातीपुरा’ लिहिले, दुसऱ्याने ‘खातिपुरा’, तिसऱ्याने मध्ये जागा सोडून ‘खाती पुरा’. यंत्राच्या लेखी ही तीन गावे. एका वस्तीचे बारा अर्ज पाच, चार आणि तीन असे विभागले जातात, आणि दहाची मर्यादा असेल तर तिन्ही बाद. म्हणूनच सरकारी तक्त्यांत गावाला नावाबरोबर संकेतांक देतात. लोकांना तो रुक्ष वाटतो. पण नावाने होणारे असे घोटाळे तो टाळतो.

आता देशाच्या सर्वांत मोठ्या कीर्दीकडे वळू. ती म्हणजे जनगणना. एखादे गाव कायद्याने नगरपालिकेचे नसले तरी जनगणनेच्या दृष्टीने शहरी केव्हा समजावे, यासाठी १९६१ पासून तीन कसोट्या वापरात आल्या आहेत. आज त्यांचे रूप असे: लोकसंख्या किमान ५,०००, पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. मुख्य कामगार म्हणजे वर्षातून सहा महिने किंवा अधिक काळ काम केलेला. या तिन्ही अटी गावाला लागतात, माणसाला नव्हे. कोणत्याही एका माणसाची घनता नसते. तेव्हा हे ‘हॅविंग’चे शुद्ध उदाहरण. माणसांची गाववार खतावणी करावयाची, आणि तीन कसोट्यांना उतरणारी खाती तेवढी ठेवावयाची.

पण दुसऱ्या कसोटीत ‘पुरुष’ हा शब्द आहे, आणि तो ओळीचा गुण आहे. तो कोठे ठेवावयाचा? समजा, एका गावाची लोकसंख्या ६,२०० आणि क्षेत्र १२ चौरस किलोमीटर. म्हणजे घनता सुमारे ५१७. पुरुष मुख्य कामगार १,५००, त्यांपैकी १,१७० शेतीबाहेर. म्हणजे ७८ टक्के. गाव तिन्ही कसोट्यांना उतरते. आता कोणी घाईने ‘पुरुष’ ही अट दाराशीच लावली, तर स्त्रिया आतच येत नाहीत. लोकसंख्या ३,२०० च्या आसपास, घनता २६७ च्या आसपास, आणि गाव नापास. म्हणून येथे सगळ्यांना आत घ्यावे लागते आणि फक्त टक्केवारीचा हिशेब करताना पुरुष निराळे मोजावे लागतात. सशर्त बेरीज म्हणतात ती हीच. एका वाक्यात तीन अटी आणि प्रत्येकीची माणसे वेगळी.

याच गावात स्त्रियांनाही कामगार म्हणून धरले तर काय होईल? समजा, ६०० स्त्रिया मुख्य कामगार आहेत आणि त्यांपैकी ४८० शेतीवर राबतात. मग एकूण २,१०० कामगारांपैकी शेतीबाहेरचे १,२९०, म्हणजे ६१ टक्के. गाव पुन्हा खेडे ठरते. पुरुष कारखान्यात किंवा बाजारात आणि घरची शेती बायकांच्या अंगावर, हे चित्र आपल्याकडे दुर्मिळ नाही. गाव शहर झाले की नाही हे ठरविताना त्या शेतीची गणतीच होत नाही. कसोटी बदलावी की नाही, हा तज्ज्ञांचा विषय आहे; पण एका शब्दाच्या जागेवर एवढे अवलंबून असते, हे तरी कळावे. २००१ साली अशी जनगणना-नगरे १,३६२ होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. जनगणनेच्या पुस्तकात ती शहरे, आणि तेथील नळ, गटार, दिवाबत्ती पाहावयास सामान्यतः ग्रामपंचायत.

भाषेच्या खतावणीत तर आपणा सर्वांचाच जीव गुंतलेला आहे. जनगणनेत प्रत्येकाला मातृभाषा विचारतात आणि माणूस सांगेल ते नाव लिहून घेतात. २०११ साली अशी १९,५६९ निरनिराळी नावे जमा झाली. त्यांत एकाच बोलीची चार चार रूपे होती, गावांची नावे होती, जातींची होती. छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या. १,४७४ नावे कोणत्याच वर्गात बसेनात, ती ‘इतर’मध्ये गेली. मग त्या मातृभाषांची भाषांच्या खात्यांत जमवाजमव झाली, आणि शेवटी १०,००० बोलणाऱ्यांची चाळण लागली. तिच्यातून १२१ भाषा उतरल्या, २२ आठव्या अनुसूचीतील आणि ९९ बाहेरच्या.

१९६१ च्या जनगणनेत अशी चाळण नव्हती. तेव्हा १,६५२ मातृभाषांची यादी छापली गेली. दहा हजारांची मर्यादा १९७१ पासूनची. चाळणीखाली राहिलेल्या भाषेचे बोलणारे एकूण बेरजेतून नाहीसे होत नाहीत. ते ‘इतर’ या खात्यात जमा होतात. त्यांची संख्या राहते, नाव जाते. लहान आकडे न छापण्यास कारणेही असतात. तीन घरांची भाषा गाववार छापली तर ती तीन घरे कोणाची हे उघड होते, आणि जनगणनेने तर प्रत्येकाला गुप्ततेचे वचन दिलेले असते. परंतु साऱ्या देशासाठी दहा हजार आणि एका गावासाठी दहा, या दोन चाळणी एका मापाच्या नव्हेत. एखाद्या डोंगरकपारीतल्या नऊ हजार माणसांची बोली ही त्यांच्यापुरती संपूर्ण भाषाच असते.

चाळणीच्या आधीची जमवाजमव तितकीच निर्णायक ठरते. २०११ साली मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, देशाच्या ६.८६ टक्के. या आकड्यात अहिराणी नाही. ती खानदेशी या स्वतंत्र भाषेच्या खात्यात आहे, आणि ते खाते अनुसूचीबाहेरच्या ९९ मध्ये आहे. मालवणीची गणना कोकणीच्या खात्यात होते. जळगाव-धुळ्याच्या किंवा सावंतवाडी-कुडाळच्या श्रोत्यांना यात काही आवडेल, काही खटकेल. राजस्थानात याचेच दुसरे टोक दिसते. येथे सकाळी भाजीवाली जी बोली बोलते ती ढुंढाडी. २०११ साली सुमारे १४ लाख ७६ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. दहा हजारांच्या मर्यादेच्या कितीतरी पट! तरी १२१ भाषांच्या यादीत ढुंढाडीचे नाव नाही. ती, मारवाडी, मेवाडी, आणि २ कोटी ५८ लाखांनी सांगितलेली राजस्थानीही, हिंदीच्या खात्यात आहेत. मातृभाषांचा तपशीलवार तक्ता उघडला तर ही नावे हिंदीखाली सापडतात. भाषांच्या तक्त्यात सापडत नाहीत. त्यांना चाळणीने अडविलेले नाही; खतावणीतच त्यांची स्वतंत्र खाती पडली नाहीत.

गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात उलट वाट धरली होती. तेथे बोलणाऱ्यांच्या संख्येची अट नव्हती. ७८० भाषांची नोंद झाली. १२१ आणि ७८० या आकड्यांवरून वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. दोन्ही आकडे एकाच देशाचे, जवळजवळ एकाच काळाचे. परंतु कीर्द वेगळी, खतावणी वेगळी, आणि एकीला चाळण आहे तर दुसरीला नाही.

२०२१ ची जनगणना महामारीमुळे होऊ शकली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविण्यात आला आहे. हिमाच्छादित प्रदेशांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. या वेळी माहिती कागदाऐवजी हातातील यंत्रावर भरावयाची योजना आहे, म्हणजे ती पहिल्या क्षणापासूनच तक्त्यात पडेल. घरी प्रगणक येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते ते आपण पाहून घ्यावे. अहिराणी बोलणाऱ्याने अहिराणी सांगितली तर ती कीर्दीत राहते. पुढे तिला कोणत्याही खात्यात घालता येते आणि तेथून काढून स्वतंत्र मांडताही येते. कीर्दीतच मराठी असे लिहिले गेले, तर मग कोणत्याही वाक्याने तिला वेगळे काढता येत नाही.